पोच नसलेलं पत्र

"सही माझीच आहे, काका. पण मी ती केलेली नाही."

हातातला कागद टेबलावर ठेवून ती बाई उभीच राहिली. मोफत कायदा सल्ला केंद्राच्या त्या टेबलापाशी दोनच खुर्च्या होत्या आणि दोन्ही भरलेल्या होत्या. समोरच्या खुर्चीतला गवंडी घाईघाईनं उठला. ती तरीही बसली नाही.

काकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. त्यांना सगळे पोचकाका म्हणत. पंधरा वर्षं त्या टेबलामागे बसून त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला होता: अर्ज दिलात, पण पोच घेतली का? घरमालक बाहेर काढतोय, दाखला मिळत नाही, नळाला पाणी नाही, दुखणं कोणतंही असो, काकांचं औषध ठरलेलं. अर्जाची दुसरी प्रत, तिच्यावर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही. "देवाला नमस्कार केलात तरी पोच घ्या," असं ते म्हणत. लोक हसत आणि पोच घेत. पाठीमागच्या भिंतीवर 'आपले हक्क ओळखा' असा फलक होता. काकांना तो तोंडपाठ होता, त्यामुळे गेली कित्येक वर्षं त्यांनी तो वाचला नव्हता.

समोरच्या बाईला ते ओळखत होते. कपड्यांच्या कारखान्यात ती शर्टांना काजं करायच्या मशिनवर होती, म्हणून केंद्रात तिला काजेवाली म्हणत. दीड महिन्यापूर्वी तिनं इथूनच तक्रार लिहून नेली होती. कारखान्याच्या पहिल्या मजल्यावरच्या मागच्या दाराला कायम कुलूप असतं; आग लागली तर ऐंशी माणसं एका जिन्यानं उतरणार कशी?

आणि आठ दिवसांपूर्वी खरंच आग लागली. मोठी नव्हती. इस्त्रीच्या टेबलावरचं कापड पेटलं आणि विझवलंही गेलं, पण मजलाभर धूर झाला. सगळे पुढच्या जिन्याकडे धावले. एक मुलगी तेवढी मागच्या दाराकडे धावली. ती काजेवालीची नणंद. ती आता इस्पितळात होती आणि तिचा आवाज गेला होता.

"बस आधी. काय आहे हे?"

"तक्रार कार्यालयातून नक्कल आणली. तुम्हीच म्हणाला होतात ना, आपली फाईल बघायचा आपल्याला हक्क असतो? अर्ज केला, बघितली. तर आत हे."

काकांनी कागद मनातल्या मनात वाचला. टाईप केलेलं छोटं पत्र. 'दि. १८. माझ्या तक्रारीबाबत कळविते की, काल दि. १७ रोजी तीन नंबरचे दार उघडे असल्याचे मी स्वतः पाहिले. माझे समाधान झाले असून मी तक्रार मागे घेत आहे.' त्याखाली बरीच मोकळी जागा, आणि पार तळाशी सही. बाजूला कारकुनाचा शेरा: 'तक्रारदाराचे समाधान. दप्तरी दाखल. दि. २०.'

दप्तरी दाखल याचा कचेरीच्या भाषेत अर्थ जपून ठेवलं. माणसांच्या भाषेत, पुरलं.

"सगळा कारखाना म्हणतो मी विकली गेले," काजेवाली म्हणाली. "मला काजाच्या मशिनवरून काढून खाली घडीच्या टेबलावर दिलं. बसून काम. म्हणतात, हे त्याचंच बक्षीस."

"का दिलं?"

"सुई गेली ना अंगठ्यातून." तिनं उजवा अंगठा पुढे केला. नखाखाली गुलाबी वण होता. "अकरा तारखेला. सत्तावीसला टाके काढले. तोवर हजेरीला डाव्या हाताचा अंगठा उठवत होते."

"चिठ्ठी आहे दवाखान्याची?"

"तुमच्याकडून दुसरं काही शिकले नसेन, पण चिठ्ठ्या ठेवायला शिकले."

"घरी काय म्हणतात?"

"नवरा काही बोलत नाही. त्याची बहीण आहे ती. पण बोलत नाही म्हणजे किती बोलत नाही, काका!"

काकांनी कॅलेंडरकडे पाहिलं. अपिलाला तीस दिवस. तिसावा दिवस उद्या. उद्या पाच वाजता खिडकी बंद झाली की हे पत्र खरं ठरणार होतं, ती समाधानी ठरणार होती, आणि ते दार कायमचं तिच्या संमतीनं बंद राहणार होतं.

कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरमागून टायपिस्टनं मान वर केली. सडपातळ, कामसू पोरगी. चार वर्षं काकांच्या हाताखाली होती. "तीन नंबरच्या दाराची केस ना, काका? जुना मसुदा काढू?"

"काढ. आणि तू जेवलीस का? आठ दिवस नुसत्या चहावर आहेस. डबा कुठाय?"

"क्लिप तुटलीय डब्याची. आणत नाही." मग जरा थांबून, "मी पाचला निघू? भावाची पाळी बदललीय, त्याला डबा पोचवायचा असतो."

"जा."

मधल्या मधे गवंडी ताटकळला होता. काकांनी त्याच्यापुढे दोन कोरे कागद सरकवले. "यावर सह्या करून जा. उजवीकडे, खालून चार बोटं सोडून. अर्जात चूक निघाली तर आम्ही नवा टाईप करून देऊ. उगाच तुझा दिवस मोडायला नको." गवंड्यानं चार बोटं मोजून दोन सह्या केल्या आणि हात जोडून गेला. काकांच्या अशा सोयींमुळेच लोक त्यांना दुवा देत.

काकांनी ते सह्यांचे कागद खणातल्या फाईलमध्ये ठेवले. क्षणभर त्यांचा हात खणावरच राहिला. मग त्यांनी खण जोरानं बंद केला आणि छत्री घेतली.

"चल," ते काजेवालीला म्हणाले. "आधी खिडकी."

तक्रार कार्यालयाच्या आवक खिडकीवरचा कारकून काकांना पाहून नेहमी हसत असे. आज पत्र पाहून हसला नाही.

"हे कोणी आणून दिलं?"

"कोणी नाही. पेटीत पडलं होतं."

"म्हणजे पोच दिली नाहीस?"

"मागायला कोणी आलंच नाही, तर देऊ कोणाला?"

"तक्रार मागे घेणारं माणूस समोर न येता तू फाईल बंद केलीस?"

"सही ताडून पाहिली ना, काका! मूळ तक्रारीवरची आणि ही. सेम टू सेम." कारकून आवाज उतरवून म्हणाला, "बावीसला तपासणी ठरली होती तिथं. साहेबांना वेळ नव्हता. पत्र आलं, म्हटलं सुंठीवाचून खोकला गेला."

"खोकला गेला नाही," काजेवाली म्हणाली. "आवाज गेला. माझ्या नणंदेचा."

कारकुनानं खाली पाहिलं आणि उगाच शिक्क्याचं झाकण उघडलं, लावलं.

"मूळ तक्रार दाखव," काका म्हणाले. त्यात दाराचं नाव काजेवालीच्या तोंडचं होतं: 'मागचे दार, ज्याला आम्ही कापडदार म्हणतो.' पूर्वी त्या बाजूच्या लोखंडी जिन्यानं कापडाचे तागे वर यायचे, म्हणून कापडदार.

"मग तीन नंबर कोण म्हणतं त्याला?"

"कोण जाणे," काजेवाली म्हणाली. "मी तर आज पहिल्यांदा वाचलं."

काकांनी मान डोलावली. हे शब्द त्यांनी आज वाचलेही होते आणि ऐकलेही होते. कुठं, ते त्यांना आठवत होतं. आठवत नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

चार वाजता इस्पितळात भेटायची वेळ होती. नणंद खिडकीजवळच्या खाटेवर होती. वय एकोणीस. वहिनीला पाहून हसली, आणि हसताना खोकली. उशाशी एक वही आणि पेन्सिल.

"एकच विचारतो," काका म्हणाले. "सगळे पुढे धावले, तू मागे का धावलीस?"

तिनं वहिनीकडे पाहिलं. मग लिहिलं: वहिनी म्हणाली होती.

काजेवालीनं पदर तोंडाला लावला. "मीच सांगितलं, काका. मध्ये आठवडाभर दार उघडलं होतं. मला वाटलं, तक्रारीचा गुण आला. मी हिला म्हटलं, आता काही झालं ना, तर गर्दीत घुसू नकोस, सरळ कापडदाराकडे पळ. माझं काम खाली. दार पुन्हा कधी बंद केलं, मला कळलंच नाही. मी पाठवली हिला त्या दाराकडे. मीच."

नणंदेनं घाईघाईनं काहीतरी लिहिलं आणि वही पुढे केली: तू नाही. पण काजेवालीनं ते वाचलं नाही. वाचायचं नव्हतंच तिला.

काकांनी नजर वळवली. खाटेजवळच्या कपाटावर जेवणाचा एक डबा होता.

"हा तू आणलास?"

"नाही. मी संध्याकाळचा आणते. हा रोज दुपारी एकच्या सुमाराला कोणीतरी ठेवून जातं. नर्स म्हणते, एक बारीकशी बाई येते, दारातूनच देते, नाव सांगत नाही. आम्हाला वाटलं, कारखान्यातली कोणी असेल. उघडपणे यायला घाबरत असेल."

डब्याला क्लिप नव्हती. झाकण निघू नये म्हणून भोवती लाल नाडी बांधली होती, फायली बांधतात ती. गाठही फाईलची होती, एक ओढ दिली की सुटणारी.

"जेवते का ही त्यातलं?"

"सगळं संपवते," काजेवाली म्हणाली.

काका बराच वेळ त्या गाठीकडे पाहत उभे राहिले. नर्सनं वेळ संपल्याचं दोनदा सांगितलं तेव्हा ते निघाले.

कारखान्याच्या फाटकावरच्या खोलीत वॉचमन एकटा होता. तिशीतला, रुंद हाडाचा. काकांना बघून तो ताडकन उभा राहिला. काकांनीही तो चेहरा पूर्वी कुठंतरी पाहिला होता. भिंतीवरच्या फळीला खिळे होते, खिळ्यांना किल्ल्या, आणि प्रत्येक खिळ्याखाली खडूनं एक आकडा.

"तीन नंबरचं दार कुठलं?"

"मागचं."

"कामगार तर कापडदार म्हणतात."

"म्हणतात. तीन नंबर आम्ही वॉचमन म्हणतो. फळीवरच्या आकड्यावरून."

"आणि मॅनेजर?"

"ते आपत्कालीन मार्ग म्हणतात. कागदावर."

"सतरा तारखेला ते उघडं होतं?"

वॉचमननं खिळ्यावरची एक किल्ली उगाच सरळ केली.

"होतं का?"

"सतरापासून चोवीसपर्यंत. मीच उघडलं होतं, माझ्या जबाबदारीवर."

"मग कुलूप कोणी घातलं?"

"मीच. एक तागा कमी भरला. मॅनेजरसाहेब म्हणाले, तिथूनच गेला असणार, घाल कुलूप."

"लेखी दिलं?"

"लेखी कोण देतं हो असलं?"

"तपासणी आली असती तर?"

"ते आधीच म्हणाले होते. किल्ली तुझ्याकडे, तर गुन्हाही तुझा." त्यानं फळीकडे पाहिलं. "आगीच्या दिवशी मीच धावलो मागच्या जिन्यानं. धुरात कुलपाचं भोक सापडेना. किल्ली दोनदा पडली हातातून. दार उघडलं तेव्हा पोरगी दाराला टेकून बसली होती, ती बाहेरच कलंडली. अजून डोळे मिटले की तेच दिसतं."

काकांनी शेवटचा प्रश्न फाटकाच्या बाहेर पाय टाकल्यावर विचारला.

"तुला डबा कोण आणून देतं?"

वॉचमननं फाटक अर्धवट ओढलं. "बहीण," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता काकांनी केंद्राचं दार आतून लावून घेतलं. असं त्यांनी पंधरा वर्षांत केलं नव्हतं. समोर काजेवाली बसली होती. टायपिस्ट कॉम्प्युटरपाशी उभी होती. तिला बस म्हटलं तरी बसेना.

"सापडला का, काका?" काजेवालीनं विचारलं. "मॅनेजरच ना? कोणाकडून करवली त्यानं माझी सही?"

"कोणी केली नाही. सही तुझी, कागद माझा, आणि टायपिंग हिचं."

काजेवालीनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग टायपिस्टकडे.

"नीट ऐक," काका म्हणाले. "पत्रावर तारीख अठरा. आत लिहिलंय, काल सतराला दार पाहिलं. म्हणजे मजकूर सतरानंतरच लिहिला गेला. पण अकरापासून सत्तावीसपर्यंत तुझा अंगठा बांधलेला. तू पेन धरू शकत नव्हतीस, आणि ही सही तर ठणठणीत हाताची आहे. म्हणजे सही आधीची, मजकूर नंतरचा. सही आधी आणि मजकूर नंतर, असं कधी होतं?"

काजेवालीनं कपाळाला आठ्या घातल्या. मग हळूहळू तिचा चेहरा बदलला. "कोऱ्या कागदावर."

"किती सह्या केल्या होत्यास तू माझ्यासमोर?"

"दोन. तुम्ही म्हणालात, खालून चार बोटं सोडून."

काकांनी खणातून फाईल काढली, तिचा कागद काढला आणि तक्रार कार्यालयातल्या पत्राशेजारी ठेवला. दोन्ही सह्या तळापासून बरोबर चार बोटांवर. "दोन होत्या. आता एक आहे. तू काल हे पत्र टेबलावर ठेवलंस तेव्हाच मजकूर आणि सहीमधली ती मोकळी जागा मी पाहिली होती. मला कळलं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना? कळसा काखेत आहे हे मला ठाऊक होतं, पोरी, म्हणूनच मी वळसा घातला. म्हटलं, वाटेत दुसरा कोणी गुन्हेगार भेटला तर बरं."

"आणि ही?" काजेवालीनं टायपिस्टकडे बोट केलं.

"काल मी पत्र मोठ्यानं वाचलं नव्हतं. तुझ्या तक्रारीत कापडदार लिहिलंय, तेही हिनंच टाईप केलं होतं. तरी हिच्या तोंडून निघालं, तीन नंबरचं दार. ते नाव फक्त किल्ल्यांच्या फळीवर आहे, आणि फळी हिच्या भावाच्या ताब्यात. फाईलच्या नाडीनं बांधलेला डबा..."

"तो माझा," टायपिस्ट म्हणाली.

ती रडत नव्हती. बोलताना मात्र टेबलाची कड घट्ट धरून होती.

"दादाला मॅनेजरनं सांगितलं, तपासणी आली तर तुलाच अडकवतो. दादा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला. मी म्हटलं, तू दार उघड, मग तक्रारच उरणार नाही. त्यानं उघडलं. मी जाऊन खालच्या गल्लीतून बघून आले, खरंच उघडं होतं. मग तो कागद घेतला. तक्रार दारासाठीच होती ना? दार उघडलं. मला वाटलं, सगळ्यांचंच भलं झालं. पत्रात एक अक्षर खोटं नव्हतं हो त्या दिवशी."

"एकच होतं," काका म्हणाले. "'मी'."

"दादानं पुन्हा कुलूप घातलं, ते मला सांगितलं नाही. मला आगीच्या दिवशी कळलं." तिनं काजेवालीकडे पाहिलं. "ताई, मी इस्पितळाच्या दारातून आत जाऊ शकले नाही. रोज ठरवलं, आज सांगीन. रोज डबा ठेवून पळून आले."

काजेवाली उठली. ती तिला मारेल, असं काकांना वाटलं. ती तिच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि नुसतीच बघत राहिली.

"ती तुझं सगळं जेवण संपवते," ती म्हणाली. "म्हणते, म्हणजे लिहिते, कारखान्यात कोणीतरी आहे ज्याला माझी काळजी आहे. आता तिला जाऊन काय सांगू मी?"

टायपिस्टची टेबलावरची पकड सुटली. आता मात्र ती रडली.

काजेवाली काकांकडे वळली, आणि तिची नजर त्यांच्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर गेली. 'आपले हक्क ओळखा.' तिनं बोटानं ओळी मोजत मोठ्यानं वाचलं, "पाच. कोऱ्या कागदावर कधीही, कोणाच्याही सांगण्यावरून सही करू नका." ती थांबली. "कोणाच्याही, काका. तुमच्या पाठीमागे लावलंय."

"हो."

"मी मॅनेजरला कोरी सही दिली नसती. नवऱ्यालाही दिली नसती. तुम्हाला दिली."

काकांना पुष्कळ उत्तरं येत होती. लोकांचा दिवस मोडतो, वाटखर्च होतो, चूक दुरुस्त करायला पुन्हा यावं लागतं. पंधरा वर्षं हीच उत्तरं त्यांनी स्वतःला दिली होती. आज त्यांतलं एकही तोंडातून निघालं नाही.

"जन्मभर दुसऱ्यांना पोच मागायला शिकवलं," ते म्हणाले, "मलाच पोच नव्हती."

अपील दुपारी तयार झालं. टायपिस्टनं आपला जबाब स्वतः लिहिला आणि सही केली. वॉचमन पाळीआधी येऊन गेला. तोंडी हुकमाची तारीख आणि वार घालून त्यानंही लिहून दिलं. नोकरी जाणार हे त्याला माहीत होतं. बहीणभाऊ एकमेकांकडे न बघता एकाच पेननं आळीपाळीनं लिहीत होते. काकांनी आपला जबाब हातानं लिहिला. कोऱ्या सह्या घेण्याची पद्धत माझी, खण माझा, खणाला कुलूप नाही, आणि तो कागद माझ्या निष्काळजीपणामुळे बाहेर गेला. हे लिहिल्यावर ही खुर्ची आपली राहणार नाही, हे त्यांनाही कळत होतं. लिहून झाल्यावर त्यांनी फाईलमधला उरलेला प्रत्येक कोरा कागद आडवी रेघ मारून रद्द केला. कालच्या गवंड्याचे दोन सगळ्यांत वर होते.

पाचला वीस मिनिटं कमी असताना ते आणि काजेवाली खिडकीशी पोचले.

कारकुनानं अपील चाळलं. काकांच्या जबाबाशी येऊन तो अडला. दोनदा वाचून त्यानं मागेपुढे पाहिलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काका, हे तर तुमच्याच विरुद्ध आहे."

"वाचता येतं मला."

"अहो, पण याची गरज नाही. दवाखान्याची चिठ्ठी आहे, पोरीचा कबुलीजबाब आहे. हे पान काढून ठेवा. बाकीचं मी घेतो. त्या पोरीनं कुठून तरी कागद मिळवला, इतकंच राहील. कोण विचारतंय?"

त्याच्या बोलण्यात माया होती. वाईट हेतूनं सांगितलं असतं तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं. काका पानाकडे पाहत राहिले. वर घड्याळाचा काटा सरकला. काजेवालीनं हात पुढे करून ते पान खिडकीतून ओढून घेतलं.

काकांना वाटलं, ती ते फाडून टाकणार. आणि क्षणभर, अगदी क्षणभर, त्यांना बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची लाज त्यांना पुढे कित्येक दिवस पुरली.

तिनं पान फाडलं नाही. नीट निरखून पाहिलं. काकांचा मजकूर पानाच्या मध्यावर संपला होता. त्यांनी सही मात्र सवयीनं पार तळाशी केली होती, उजवीकडे, खालून चार बोटं सोडून. मध्ये आठदहा ओळींची जागा पांढरीशुभ्र मोकळी होती.

"पेन द्या," ती कारकुनाला म्हणाली.

तिनं पान भिंतीला टेकवलं. अंगठा अजून पुरता वळत नव्हता, म्हणून पेन मुठीत धरलं, आणि त्या मोकळ्या जागेत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ मारली. रेघ जरा वाकडी आली. तिनं शेजारी दुसरी मारली.

"मध्ये जागा सोडायची नसते, काका," ती म्हणाली, आणि पान पुन्हा खिडकीत सरकवलं.

कारकुनानं काकांकडे पाहिलं. काकांनी होकारार्थी मान हलवली. शिक्का पडला, एकदा अपिलावर, एकदा दुसऱ्या प्रतीवर. कारकुनानं प्रत सवयीनं काकांपुढे धरली.

काकांचा हात उठला आणि मध्येच थांबला. काजेवालीनं ती घेतली, तारीख वाचली, सही वाचली, घडी घालून पिशवीत ठेवली.

"ही माझ्याकडे राहील," ती म्हणाली.

"हो," काका म्हणाले. "तुझ्याकडेच राहू दे."

आत कारकुनानं खिडकीची फळी ओढली. पाच वाजले होते, आणि इस्पितळाची वेळ कधीच संपली होती. तरी ती त्याच रस्त्याला लागली. काका थोडं अंतर ठेवून तिच्या मागून चालू लागले, तिनं 'या' म्हटलं नव्हतं तरी.